ओरिएलबाईंची भिंत

दहा वाजता घर तपासणारा माणूस येणार होता. परसातली डोंगर अडवून धरणारी भिंत नापास झाली, तर घराची विक्री मोडणार आणि ओरिएलबाईंचं नेल्सन शहरात लेकीकडे राहायला जाणं पुन्हा लांबणार.

म्हणून पूजा उरकून शेजारून मीही नऊलाच त्यांच्याकडे गेले. भिंतीला ना तडा, ना फुगवटा. पाणी निघून जायची अकरा भोकं तेवढी मातीनं बुजली होती. समोरच्या घरातला बसचालक फेतू लांब तार घालून ती मोकळी करत होता.

"आजी, चाळीस वर्षांत एकदा तरी साफ केलीत का?"

"तेव्हा तुझ्यासारखा रिकामटेकडा शेजारी कुठे होता?" असं म्हणत त्यांनी त्याच्या हातात लोणी लावलेला गरम स्कोन-पाव ठेवला.

चौथ्या भोकातून तार आली ती लख्ख पुसलेली. पाचव्यातूनही तशीच.

"आतून कुणीतरी हातभार लावतंय," फेतू म्हणाला. आम्ही हसलो. भिंतीमागे नुसता डोंगर आहे.

सहाव्या भोकात तार हळूच आत ओढली गेली. फेतूनं ती सोडून दिली. मग सातव्यातून माती गळली, आठव्यातून, नवव्यातून, दहाव्यातून. अकराव्यातून तारेचं टोक बाहेर आलं.

"बघा, झालं की काम," म्हणत ओरिएलबाईंनी ते धरलं.

तेवढ्यात दारावरची घंटा वाजली.

"आला तो. सोड बरं आता," त्या भिंतीला मायेनं म्हणाल्या.

तार पलीकडून सुटली नाही. उलट ओरिएलबाईंचा हात ओढत ती हलकेच आत जाऊ लागली.