रिकामी पुंगळी

शिरोळच्या उसात चनबसाप्पानं चुलतभाऊ अमरेशच्या छातीची चाळण केली आणि झाडलेल्या काडतुसाची गरम पुंगळी उचलून खिशात टाकली. पोलिसांनी तीन दिवस फड विंचरला. अमरेशचा धाकटा भाऊ रुद्रेश दाराला आतून कडी घालून बसला.

फौजदार त्याला म्हणाले, “पुंगळी घावली की बंदूक कुणाची ते लॅबवाले सांगतील. तवर भायेर पडू नगा.”

चौथ्या दिवशी चनबसाप्पा परवाना घेऊन कोल्हापूरच्या सरकारी कचेरीत गेला.

कारकून म्हणाला, “आधी रिकामी पुंगळी जमा करा पावणं, मगच नवं काडतूस. नियम हाय.”

चनबसाप्पानं ती टेबलावर ठेवली.

“कशावर झाडली?”

“रानडुकरावर.”

“मेलं?”

“थोरलं मेलं. धाकटं ऱ्हायलंय की.”

कारकुनानं पुंगळी सरकारजमा केली आणि नव्या काडतुसाच्या परवानगीवर शिक्का मारला.