जिन्यावरून पडणारा वेटर

बुडापेस्टच्या थिएटरात ते जुनं संगीत विनोदी नाटक नव्या संचात पुन्हा उभं राहिलं, तेव्हा लोरिंट्स बायकोला, पिरोश्काला घेऊन पहिल्याच प्रयोगाला गेला. ताटल्यांची चळत घेऊन जिन्यावरून गडगडत खाली येणारा धांदरट वेटर एके काळी तोच करायचा.

नवा पोरगा जिन्यावर आला.

"बघ, पडायच्या आधीच गुडघे वाकवतोय," लोरिंट्स पुटपुटला.

पोरगा पडला. अख्खं थिएटर खदखदून हसलं, आणि सगळ्यांत जास्त पिरोश्का. तिच्या तर डोळ्यांत पाणी आलं.

मध्यंतरात लोरिंट्सने कॉफीला हातही लावला नाही.

"माझ्या प्रत्येक प्रयोगाला विंगेत उभी असायचीस. एकदा तरी अशी हसलीस?"

"नाही," ती डोळे पुसत म्हणाली.

"म्हणजे हा माझ्यापेक्षा चांगला पडतो."

"छे रे. तू कितीतरी छान पडायचास."

"मग?"

"मग काय? हा परक्याचा पोरगा, पडेना का. तू पडलास की उठून उभा राहीपर्यंत माझा श्वास अडकलेला असायचा. हसणार कधी?"