तीन नंबरचं बटण

खोलीत कसलाही आवाज नव्हता आणि चंपाबाई मांडीवर ताल धरून बसल्या होत्या. डोळे मिटलेले, मान डोलत होती.

चहाचा कप घेऊन आलेला त्यांचा लेक संघपाल दारातच थांबला.

"माय, काय ऐकायलीस?"

चंपाबाईंनी डोळे उघडले. हात मांडीवर तसाच राहिला.

"भीमगीत. तूच लावलंस ना? लई ग्वाड वाजायलंय आज."

गाणी त्यानं लावली होती हे खरं. हॉलमधल्या टेबलावर अँप्लिफायर आणि त्याच्या डोक्यावर चार बटणांचा एक चपटा डबा. एक नंबर हॉल, दोन स्वयंपाकघर, तीन माय, चार गच्ची. प्रत्येक ठिकाणी स्पीकरची एक-एक जोडी. हौस दांडगी, पण अँप्लिफायरला एवढा भार झेपायचा नाही. तिसरी जोडी लावली की तो तापायचा आणि मुकाट बंद पडायचा. म्हणजे एका वेळी दोनच. दोन महिन्यांपूर्वी हे सगळं बसवलं तेव्हाच संघपालनं एका मिनिटात वाटणी करून टाकली होती. दोन नंबर बायकोला, तीन नंबर मायला. आणि स्वतः कंपनीतून आल्यावर हॉलमध्ये पेपर उघडून बसायचा, ज्या गाण्यांपायी हा सगळा खटाटोप केला ती न ऐकता. असा हा शहाणा माणूस.

त्याची बायको विशाखा आज सकाळीच कन्नडला माहेरी गेली होती, म्हणून दोन नंबर बंद होता. तिची रिकामी जागा हॉलला द्यावी, हे त्याच्या डोक्यातही आलं नाही. दोन महिन्यांत सवयच मोडली होती. मायची खोली स्वयंपाकघराला लागून. तिकडचं गाणं एरवी इकडंही भरून राहायचं, त्यामुळं आजवर कुणाला काही कळलं नव्हतं.

संघपालनं कप खाटेजवळच्या स्टुलावर ठेवला आणि कपाटावरचा स्पीकर फिरवून पाहिला. मागून वायर निघालेली होती. दुसऱ्याचीही. चारही टोकांना जुन्या लुगड्याच्या चिंध्या गुंडाळून वर दोऱ्यानं गच्च आवळलं होतं. अंगणातल्या पाइपाचं तोंड ती असंच बांधायची.

"हे कुणी केलं?"

"मीच." लपवण्यात आता अर्थ नव्हता. चंपाबाईंनी चहा बशीत ओतला. "वॉल बंद केला."

"कसला वॉल?"

"तूच म्हणला होतास ना, समद्यांना एकदम पुरत नाय. मंग? वरच्या गल्लीचा वॉल बंद केल्याबिगर आपल्याकडं पाणी चढतं का? म्हणलं आपलं बंद करावं. तुझ्याकडं चढंल."

"आन् ह्या चिंध्या?"

"गळू नये म्हणून."

संघपालला हसू आलं, आणि मग आठवलं. रोज जेवायला बसताना ती विचारायची, "हॉलात यायलंय ना रे गाणं?" आणि तो रोज म्हणायचा, "यायलंय की." नाही म्हटलं तर ती स्वतःच्या खोलीतलं बंद करायला लावेल, ही त्याची भीती. दोन महिने मायलेक एकमेकांना बिनदिक्कत थापा मारत होते.

"दोन महिने तू बिनगाण्याची बसलीस?"

"भिंतीतून यायचं की सैपाकघरातलं. मला तेवढं बस झालं. तू दिवसभर त्या मशिनीपाशी कान किटून येतोस आन् मुक्यावानी पेपर धरून बसतोस. मला बघवंना."

आवाज पाण्यासारखा चढत नाही, हे सांगायला त्यानं तोंड उघडलं. बशी फुंकत बसलेल्या मायकडं पाहिलं आणि तोंड मिटलं. तिची इतकी माया आली की आणखी काही बोलला असता तर रडलाच असता. तो दोऱ्याच्या गाठी सोडायला लागला.

वायरी आत सरकवल्या आणि गाणं मधल्याच ओळीवर सुरू झालं. ढोलकीसकट. चंपाबाई दचकल्या, मग लहान पोरीसारख्या हसल्या. पुढच्याच क्षणी त्यांचं तोंड उतरलं.

"म्हंजी तुझ्याकडलं कमी झालं."

"होऊ दे. मी आता रोज इथंच बसणार."

तो खरंच खाटेवर टेकला. चंपाबाईंनी त्याच्याकडं पाहिलं, मग दाराकडं.

"आरं, मंग मोकळ्या हॉलात कशाला चालू ठेवलंस? सांडायलंय ना फुकट तिकडं. जा, बंद करून ये."

हॉलचं बटण बंदच होतं. संघपाल उठला, हॉलमध्ये गेला आणि त्यानं एक नंबर दाबला. दोन महिन्यांनी पहिल्यांदा हॉलमध्ये गाणं वाजलं, मोठ्या स्पीकरचं, भिंती भरून टाकणारं. तो एक कडवं संपेपर्यंत तिथंच उभा राहिला. मग त्यानं बटण पुन्हा दाबून बंद केलं आणि मायजवळ येऊन बसला.

चंपाबाईंनी पुन्हा ताल धरला. या खेपेला त्याच्या गुडघ्यावर.

"बघ," त्या म्हणाल्या, "आता कसा जोर आला इकडं."

"व्हय माय," संघपाल म्हणाला. "लई."