धक्कास्टार्ट

ऐक ना, मधे बोलू नकोस. आमची ती आजोबांच्या वेळची पिस्ता रंगाची गाडी आठवते ना? सकाळी गारठली की नुसती खोकायची. मग शेजारचे दाणीकाका बाह्या सरसावून यायचे आणि धक्का मारायचे. दप्तर घेऊन मी मागे बसायचो, काचेतून त्यांचं लालबुंद तोंड दिसायचं.

पुढे कुंपणावरून बाबांचं आणि त्यांचं वाजलं, बोलणंच बंद झालं. धक्का मात्र चालू राहिला. काका मुकाट्यानं ढकलायचे, बाबा मुकाट्यानं निघून जायचे. अशी कित्येक वर्षं गेली.

तर परवा रविवारी, ठिणगी नीट पडावी म्हणून मी जुना डिस्ट्रिब्युटर काढून नवा इलेक्ट्रॉनिक बसवला. काल सकाळी बाबांनी किल्ली फिरवताच गाडी सुरू. मी एकदम हवेत. फाटकात आलेल्या काकांनी सरसावलेल्या बाह्या हळूच खाली केल्या आणि ते आत गेले. बाबा आरशातून बघत होते.

आज बाबांनी मला मागे बसवलं आणि किल्ली पूर्ण फिरवलीच नाही. मोठ्यांदा म्हणाले, "छे, आज काही उठत नाही ही."

काका जवळजवळ धावतच आले. ढकलता ढकलता, इतक्या वर्षांनी, थेट बाबांशी बोलले, "पोराच्या हाती कशाला दिलीत गाडी? होतं तेच बरं होतं."

"तेच म्हणतो मी," बाबा म्हणाले आणि आरशातून माझ्याकडे बघितलं.

माझा डिस्ट्रिब्युटर झकास चालतोय रे. पण सांग, माझ्या जागी तू असतास तर तोंड उघडलं असतंस?