घरी न गेलेलं पुस्तक

वाचनालयातल्या पाककृतींच्या कपाटात, केकच्या पुस्तकांमागे तिनं हात घातला. जागा रिकामी होती.

पुस्तक सापडलं ते काउंटरवर, सुतळीनं बांधलेल्या गठ्ठ्यात. ‘घरगुती वायरिंग’.

“हे कुठे चाललंय?”

“रद्दीत,” ग्रंथपाल म्हणाले. “कित्येक वर्षांत कुणी घरी नेलं नाही. घरी जात नाही ते कुणाला नको, असा वरचा हिशेब.”

“अहो, मी रोज वाचते की! त्या खिडकीपाशी बसून!”

“मला दिसतं हो ताई. पण इथं बसून वाचलेलं कॉम्प्युटरला दिसत नाही.”

दुसऱ्या कुणी नेऊ नये म्हणून तीच तर रोज उठताना ते केकच्या पुस्तकांमागे दडवत होती. आपल्याच हातानं पायावर धोंडा पाडून घेतला होता बाईनं! वायरमनच्या परवान्याची परीक्षा तोंडावर आलेली आणि अर्थिंगचं अख्खं प्रकरण बाकी.

“मग मलाच देऊन टाका.”

“तसं देता येत नाही. पण आज तुमच्या नावावर घरी गेलं, तर गठ्ठ्यातून सुटेल. कार्ड आत्ता करतो. फोन नंबर सांगा. पुस्तक नेलं की मेसेज जातो, पुस्तकाच्या नावासकट, खाली इथला नंबर.”

घरात फोन एकच, आणि तो नवऱ्याच्या उशाशी. शिडीवरून पडल्यापासून तो आडवाच होता. पुन्हा शिडी चढेल असं आता डॉक्टरही म्हणत नव्हते. बाजारात जाते असं सांगून ती इथं यायची. परीक्षेचा विषय तिनं एकदाच काढला होता, तोही फार जपून. “या घरात एक वायरमन आहे,” तो म्हणाला होता, “आणि तो अजून मेलेला नाही.” मग भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. जेवलाही नाही. तिला त्याच्या रागाची भीती नव्हती. त्या पाठमोऱ्या पडण्याची होती. पण त्या पाठीकडे बघत बसून चूल थोडीच पेटणार?

तिचा चेहरा बघून ग्रंथपालांनी आवाज खाली आणला. “बहिणीचा द्या नंबर. नाहीतर शेजारणीचा. काही बिघडत नाही.”

तिनं क्षणभर विचार केला. परवाना हातात आला की आज ना उद्या कळणारच होतं. तेही काय शेजारणीकडून कळू द्यायचं त्याला?

तिनं घरचाच नंबर सांगितला.

ग्रंथपालांनी सुतळी कापली, पुस्तक यंत्राखालून फिरवलं. टिंग झालं. “गेला मेसेज,” ते म्हणाले.

ती पिशवीत पुस्तक घालत होती, तेवढ्यात काउंटरवरचा फोन खणखणला. ग्रंथपालांनी उचलला, जरा वेळ नुसतं ऐकलं आणि मग रिसीव्हरवर हात ठेवला.

“तुमचे मिस्टर. विचारतायत, आमच्या नंबरावर वायरिंगचं पुस्तक कुणी नेलं?”

तिनं पुस्तक पिशवीतून परत बाहेर काढलं आणि छातीशी धरलं.

“सांगा,” ती म्हणाली, “घरातल्या दुसऱ्या वायरमननं.”