जाड भिंतींची खोली

कुकरची शिट्टी झाली आणि दुपारची शांतता मोडली. नोगा वही टाकून पॅसेजमध्ये धावली, तिच्यामागे तिची आई शिराही. आपणच वरण लावलंय, हे शिराला तिथे पोचल्यावर आठवलं. मायलेकींना इस्राएलहून पनवेलला परतून महिनाच झाला होता. तिकडे रॉकेटहल्ल्याचा भोंगा वाजला की घरातल्या जाड भिंतींच्या खोलीत पळायचं. “आई, ती खोली इथे कुठाय?” “इथे लागत नाही गं, म्हणून तर आलो.” “खोटं! तू सांगत नाहीस.” सहा वर्षांची पोर संशयाने एकेक भिंत ठोकून पाहू लागली. शेवटच्या भिंतीतून उलट ठकठक आली. “काय गो शिरा, साखर पायजे का?” पलीकडून शेजारच्या गंगाबाईंनी विचारलं, अगदी कानाशी बसल्यासारखं. शिराला हसू फुटलं. नोगा मात्र भिंतीपासून चटकन मागे सरकली. “एवढी पातळ! मग आई, इथले लोक मुलांना लपवतात तरी कुठे?”