जप्तीतली बाग

"उद्या लिलाव आहे आणि तू कुळथाची पिठी ढवळत्येस?" अनिशने खांद्यावरची बॅगही अजून खाली ठेवली नव्हती.

"लिलाव उद्या आहे. जेवण आजचं आहे," आनंदीबाई म्हणाल्या. "हातपाय धू आधी."

अनिश तडक मुंबईहून आला होता. आमरसाचे डबे भरायचा कारखाना त्याच्या नावावर, मागची हापूसची बाग त्याच्या नावावर आणि म्हणून जीएसटीची थकबाकीही त्याच्याच नावावर. कारभार मात्र सगळा आईकडे. वडील गेल्यावर आनंदीबाईंनीच हौसेने सगळं लेकाच्या नावावर करून टाकलं होतं. सातबाऱ्यावर नाव चढलं की पोरगा गावाला बांधलेला राहतो, असा कोकणातल्या आयांचा एक गोड गैरसमज असतो.

पोरगा बांधलेला राहिला नाहीच. सणावारालाही यायचा नाही. सरकारी नोटीस आली की मात्र धावत यायचा.

नोटिसा येतच राहिल्या. पहिली आली ती आनंदीबाई त्याला सांगायला विसरल्या, त्यात अपिलाची मुदत गेली. मग कर सल्लागार ऋजुताने खटपट करून हप्ते बांधून घेतले. दोन हप्ते भरले आणि तिसरा आनंदीबाईंच्या डोक्यातून साफ निघून गेला. हप्ते मोडले, कारखान्याचं खातं गोठलं, बागेवर जप्तीचा बोजा चढला आणि आता लिलाव.

अनिश आईला टाकून बोलला नाही. वय झालंय, होतं असं, म्हणाला. पण आत तो चडफडत होता.

दोन घास कसेबसे गिळून तो निघाला. बागेच्या दगडी गडग्यापाशी भागोजी पाचोळा गोळा करत होता. बागेची राखण त्याच्याकडे होती.

"दादानू, परवा टेप घेऊन मानसा आली व्हती. बाग मोजून ग्येली. ती लिलावाचीच ना?"

"हो, त्यांचीच," म्हणत अनिश रिक्षात बसला.

माळनाक्यावरच्या ऑफिसात ऋजुता त्याची वाटच बघत होती. शाळेपासूनची ओळख, त्यामुळे ती आडपडदा न ठेवता बोलायची.

"हे बघ, आज सगळी रक्कम भरलीस तर लिलाव रद्द आणि जप्तीही उठेल. थोडे भरून मुदत मागितलीस तर लिलाव पुढे ढकलतील बहुतेक, पण बोजा तसाच राहील, बागेचा काही व्यवहार करता येणार नाही."

"सगळे भरायचे. बोजा राहता कामा नये."

"अरे, पण एवढं कर्ज काढून? बाग वाचली म्हणजे झालं ना? हळूहळू फेड की."

"नको. एकदाचं मोकळं होऊ दे."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. सकाळपासून विनीतचा हा कितवा फोन होता कोण जाणे. "हो रे, आज होतंय सगळं. तू घाबरू नकोस," अनिश त्याला म्हणाला. मग ऋजुताला म्हणाला, "मित्र आहे. पैसे यानेच दिलेत. माझ्या नावावर आले तर अडकतील म्हणून आईच्या खात्यात टाकायला सांगितले."

"असा मित्र मिळायला नशीब लागतं हो."

आईच्या खात्यातून पैसे भरायचे, म्हणजे ओटीपी तिच्या फोनवर येणार. अनिशने फोन लावला. रिंग होत राहिली. पुन्हा लावला. तिसऱ्यांदाही तिने उचलला नाही तेव्हा तो जिना धडाधड उतरला आणि रिक्षावाल्याच्या मागे लागून घरी पोचला.

दाराला कुलूप होतं. तो अंगणात येरझाऱ्या घालू लागला. मिनिटामिनिटाला घड्याळ बघत होता. काही झालं असेल का तिला? की नेहमीसारखी विसरलीच?

शेवटी रिक्षा आली. आनंदीबाई पदराने घाम पुसत उतरल्या.

"अगं, होतीस कुठे?"

"जीएसटीच्या ऑफिसात. थोडे भरले, मुदतीचा अर्ज दिला. लिलाव पुढे गेला हो. साहेब भला माणूस आहे."

अनिशचा चेहरा उजळायला हवा होता, पण तो पायरीवरच बसला.

"थोडे? आणि विनीतचे बाकीचे?"

"त्याचे सगळेच्या सगळे परत पाठवून आल्ये. भरले ते माझे, पोस्टातले. तो तिसरा हप्ता होता ना, तोच."

"पोस्टात होता? मग तेव्हा भरला का नाहीस?"

आनंदीबाई त्याच्याशेजारी बसल्या. त्यांचे डोळे भरून आले होते, आवाज मात्र स्वच्छ होता.

"साहेबांना विचारलं मी. मोजायला त्यांची माणसं आलीच नव्हती. विनीतची होती ती, गावात काय लपून राहतं? रिसॉर्ट बांधतोय ना तो इथे?"

अनिश हळूच म्हणाला, "आई, भाव चांगला देतोय गं. दोन वर्षं थांबलाय तो माझ्यासाठी."

"ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "म्हणून तर दोन वर्षं लिलाव होणार नाही इतकंच भरत्ये, आणि जप्ती उठणार नाही इतकं ठेवत्ये."